दोन मैलांचा सिनेमा

विजेच्या बिलाच्या पाठकोऱ्या बाजूला परवा दुपारी मी एक गुणाकार केला. उत्तर पटेना म्हणून खाली पुन्हा केला. तेच आलं. शाळेत माझं गणित बेताचंच होतं, पण इथे चूक माझी नव्हती, दादासाहेब फाळक्यांची होती. चूक कसली, थाप!

फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ घेऊन सुरतेला गेले होते तेव्हाची ही गोष्ट. पहिल्या दिवशी गल्ला जमला तीन रुपये, असं सांगतात. लोकांना दोन आण्यांत सहा तासांचं नाटक बघायची सवय, ते तीन आणे टाकून एवढासा खेळ कशाला बघतील? मग फाळक्यांनी जाहिरात केली: ५७,००० फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आण्यांत. आणि माणसं आली. सुरत म्हणजे कापडाचं गाव. तिथे लांबी सांगितली की माल किती ते लगेच समजतं.

तर गणित असं. चित्रपटाची लांबी ३,७०० फूट. फिल्मच्या एका फुटात चौकटी सोळा. झाले ५९,२००. म्हणजे फोटोंचा आकडा त्यांनी उलट कमीच सांगितला, अगदी सज्जनासारखा. पण दोन मैल म्हणजे १०,५६० फूट! सिनेमा पाऊण मैलसुद्धा भरत नाही. फोटोंत सचोटी आणि मैलांत थाप, हे मिश्रण मला इतकं ओळखीचं वाटलं की बिल तसंच हातात राहिलं. हे तर आमचे मॅनेजरकाका.

मॅनेजरकाका आमच्या चाळीत वरच्या मजल्यावर राहायचे. गिरगावातल्या एका थिएटरात मॅनेजर. त्यांचं खरं नाव मला त्यांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेवर पहिल्यांदा कळलं. पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं, निळं आणि लाल. निळ्याने रोजचा डीसीआर, म्हणजे दिवसभराच्या गल्ल्याचा हिशेब, भरायचा. लाल पेन कशासाठी होतं ते मी कधी विचारलं नाही, पण त्यातून त्यांनी काही लिहिल्याचं आठवत नाही.

त्यांच्या केबिनमध्ये कपाटामागे ‘हाऊसफुल्ल’चा बोर्ड ठेवलेला असायचा, भिंतीकडे तोंड करून, शिक्षा झालेल्या पोरासारखा. तो बाहेर निघाला की डोअरकीपर फडक्याने पुसायचा, मग झेंडूचा हार, मग खिळ्यावर. एका शुक्रवारी बोर्ड लागलेला असताना मी आत डोकावले तर पुढच्या रांगा रिकाम्या. मी काकांना तसं सांगितलं. ते म्हणाले, “पुढच्या रांगा मोजायच्या नसतात गं. तिथे मान दुखते.” नंतर त्याच रांगांची तिकिटं खिडकीवर हळूहळू निघाली, ‘आत्ताच कुणी परत केली’ म्हणून. रस्त्यावरून जाणारे चार जण बोर्ड बघून थांबतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. जागा आहे म्हटलं की कोणी थांबत नाही.

तेव्हापासून कुठलाही भरल्याचा बोर्ड मला खरा वाटत नाही. हॉटेल असो, नाटक असो, रेल्वेचं आरक्षण असो, मी खिडकीशी जाऊन विचारतेच. घरचे लाजतात. आपण नाही लाजत.

काकांनी एकही सिनेमा सलग पाहिला नव्हता. मध्यंतरानंतर ते पडद्याकडे पाठ करून दाराशी उभे राहायचे आणि माणसं बघायचे. खोकला ऐकायचे. “तिसऱ्या रिळात खोकतायत, तीन आठवड्यांच्या वर जात नाही,” म्हणायचे. हिरॉइनचं नाव त्यांना धड सांगता यायचं नाही, पण कुठल्या गाण्याला बाल्कनीतल्या बायका डोळे पुसतात आणि स्टॉलमधले बिडी ओढायला बाहेर पडतात ते पाठ.

एकच प्रिंट दोन थिएटरांत चालायची. इथलं रीळ संपलं की सायकलवर टाकून पोऱ्या तिकडे पळायचा, तिकडचं इकडे. एकदा गणपतीत तो मिरवणुकीत अडकला. काका फुटपाथवर, हात मागे बांधून, ठाकुरद्वारच्या दिशेने नजर लावून. आत शिट्ट्या. मध्यंतर पंचवीस मिनिटं लांबलं, वडे संपले, सोडा संपला. काका आत जाऊन हात जोडून म्हणाले, “मंडळी, बाप्पा पुढे गेले की आपण पुढे जाऊ.” लोक हसले, कोणीतरी मोरया केला, खुर्च्या शाबूत राहिल्या. सायकल आली तेव्हा पोऱ्याचे केस गुलालाने लाल झाले होते. तो अडकला होता की नाचत होता, यावर चाळीत बरेच दिवस वाद चालला.

रस्ता सांगताना काका बंद पडलेली थिएटरंच सांगायचे. “मॅजेस्टिकपाशी उतर.” तिथे १४ मार्च १९३१ ला ‘आलम आरा’ लागला, चार आण्यांचं तिकीट चार-पाच रुपयांना गेलं, पोलीस बोलवावे लागले. आता तिथे शॉपिंग सेंटर. कोरोनेशनचा तर मागमूस नाही. ३ मे १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ तिथेच लागला. पण नुसत्या हरिश्चंद्रावर भरवसा नको, म्हणून त्याच खेळात नाच, विनोदी प्रवेश आणि पायांनी वस्तू उडवून झेलणारा एक अलेक्झांडर, आणि तिकीट दुप्पट. सत्यवचनी राजाच्या जोडीला पायांवर कसरत! हे ज्याला सुचलं त्याचं नाव इतिहासात असो वा नसो, तो माझ्या मते मॅनेजरकाकांचा सख्खा पूर्वज.

काका निवृत्त झाल्यावर खूप वर्षांनी मी त्यांना मल्टिप्लेक्समध्ये घेऊन गेले. मराठी सिनेमा, दुपारचा खेळ. खुर्ची मागे कलते याचं त्यांना अजिबात कौतुक वाटलं नाही. दिवे गेले तसे ते वळून बसले आणि मान हलवत मोजायला लागले. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “सतरा. आपण धरून.” मग उरलेला सिनेमा गप्प. मध्ये एकदा कोणीतरी खोकलं, तेव्हा माझा हात दाबला फक्त.

बाहेर आलो तर एक तरुण जोडपं पाट्या वाचत उभं होतं, काय बघावं ठरत नव्हतं. काका माझा हात सोडून त्यांच्यापाशी गेले. “मराठी बघायचाय ना? लवकर काढा. आत मुंगीला शिरायला जागा नाही.”

ते दोघं खरंच खिडकीकडे वळले. तिकीट कशाचं काढलं, कोणास ठाऊक.