बॉलबरोबर आलेलं पत्र

मी बेसबॉल बघत नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण माझं काम कळलं की प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच असतो. न्यू जर्सीत एका ऑथेंटिकेशन कंपनीत आहे, खेळाडूंनी सही केलेले बॉल, बॅट, फोटो, कार्डं येतात आणि सही खरी की खोटी ते आम्ही सांगतो. त्याआधी सांगलीकडच्या एका सहकारी बँकेत अकरा वर्षं पासिंगला होते. चेक आला की स्पेसिमन कार्ड काढा, सही जुळवा, नाही जुळली तर शेरा मारून परत. ऊसबिलं जमा झाली की काउंटरला जी झुंबड उडायची त्यात मी सह्या बघायला शिकले, कुठल्या कोर्समध्ये नाही. नवऱ्याच्या नोकरीमागे इकडे आले, काही वर्षं घरी बसले, आणि मग एका ओळखीच्या बाईने ही जाहिरात दाखवली तेव्हा हसूच आलं होतं, की हे लोक यासाठी पगार देतात?

देतात. कारण इकडे खोट्या सह्यांचा धंदा प्रचंड आहे. एफबीआयने नव्वदच्या दशकात 'ऑपरेशन बुलपेन' म्हणून मोठी कारवाई केली, सॅन डिएगोहून चालवलेली. टोनी ग्विन म्हणून तिथला मोठा खेळाडू होता, त्याच्याच टीमच्या दुकानात त्याच्या नावाच्या खोट्या सह्यांचा माल विकायला होता आणि ते त्याने स्वतःच ओळखलं. त्या कारवाईत पकडलेल्या टोळीने मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलसुद्धा काढले होते. मदर तेरेसा! आणि ते कोणीतरी घेत असणारच ना, त्याशिवाय कोण कशाला करेल. त्यानंतर २००१ पासून मेजर लीगने, म्हणजे बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या लीगने, स्वतःची होलोग्रामची पद्धत आणली, मॅचला माणूस हजर, बहुतेक पोलीस खात्यातला किंवा तिथून रिटायर झालेला, त्याच्या डोळ्यांदेखत झालं तरच स्टिकर. म्हणजे नव्या मालाचं ठीक आहे. जुन्या मालाला कोण हजर होतं? तिथे आम्ही.

आता बॉल कसा बघतात ते सांगते, कारण लोकांना वाटतं आम्ही भिंग घेऊन थेट सहीकडेच बघतो. सही सगळ्यात शेवटी. आधी बॉल. जुन्या बॉलवर लीगच्या प्रेसिडेंटची छापील सही असते आणि ती घड्याळासारखी उपयोगी पडते. नॅशनल लीगला, म्हणजे मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकाला, १९३४ ते १९५१ फोर्ड फ्रिक, मग १९६९ पर्यंत वॉरन जाइल्स, मग १९८६ पर्यंत चब फीनी. बेब रूथ, ह्या खेळातलं सगळ्यात मोठं नाव, १९४८ मध्ये गेला. तरी वर्षातून एकदा तरी कोणीतरी जाइल्सच्या बॉलवर रूथची सही घेऊन येतोच, आणि वर 'आमच्या आजोबांच्या समोर केली होती' म्हणून आमच्याशी भांडतो. मग कातडं, सत्तरच्या दशकात घोड्याचं जाऊन गाईचं आलं. मग पेन. बॉलपेन इकडे बाजारात आलं ऑक्टोबर १९४५ मध्ये, न्यूयॉर्कच्या एका दुकानात, साडेबारा डॉलरला एक. त्याच्या आधीच्या सहीला बॉलपेनची खाच दिसली की पुढे बघायचीच गरज नाही. शार्पी, म्हणजे हल्ली सह्यांना वापरतात तो मार्कर पेन, तर १९६४ चा. आणि टीम बॉल असेल, म्हणजे एकाच बॉलवर अख्ख्या टीमच्या सह्या, तर रोस्टर, म्हणजे टीममधल्या खेळाडूंची यादी, काढायचा. कोण जूनमध्ये आला, कोण जुलैमध्ये दुसऱ्या टीमला विकला गेला, ते लावत गेलं की खरा बॉल स्वतःच आपली तारीख सांगतो, कधी कधी पंधरा दिवसांच्या आत. मला हे काम फार आवडतं. आमच्याकडचा नवा पोरगा आहे, सगळं सॉफ्टवेअरमध्ये टाकतो, फोटो अपलोड केला की टक्केवारी येते, आणि ती टक्केवारी तो अशी वाचून दाखवतो जशी काय पत्रिका जुळली. गुण छत्तीसपैकी एकतीस. पण मुलगी कोण आहे ते बघ ना बाबा आधी.

तर हा बॉल. मागच्या मार्चमधली गोष्ट. टीमचं नाव सांगत नाही, बाई ओळखू येईल. साठीच्या पुढची, पोस्टाने पाठवायला तयार नव्हती म्हणून स्वतः तीन तास गाडी चालवत आलेली. कॉफीच्या जुन्या डब्यात पायमोजा, पायमोज्यात बॉल. मला तिथेच ती आवडली, कारण अंधारात ठेवलेला बॉल म्हणजे शाई वाचलेली. जे लोक काचेच्या कपाटात खिडकीशी ठेवतात त्यांच्या सह्या वीस वर्षांत पार उडून जातात. तिचे वडील शाळकरी वयात दोन उन्हाळे त्या टीमच्या क्लबहाउसमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोलीत, कामाला होते, टॉवेल गोळा करणं, बूट पुसणं, असलं. ते वारले, घर विकायला काढलं, माळ्यावर डबा सापडला. सोबत तिने दोन कागद आणले होते. एक म्हणजे वडिलांनी म्हातारपणी नातीला लिहिलेलं पत्र, ज्यात बॉलचा उल्लेख आहे. दुसरं १९५६ चं पोस्टकार्ड, आर्मीत भरती झाल्यावर आईला पाठवलेलं, त्यात क्लबहाउसमधल्या एका मॅनेजरला निरोप आहे. म्हणजे वडील खरंच तिथे होते, याचा पुरावा. असा पुरावा आमच्याकडे क्वचित येतो. लोक आणतात ते घरी प्रिंट काढलेलं सर्टिफिकेट, त्यावर सोनेरी बॉर्डर जितकी जाड तितका माल खोटा.

बॉल बघितला. जाइल्सचा शिक्का, स्पॉल्डिंग कंपनीचा बॉल, घोड्याचं कातडं, अल्ट्राव्हायोलेटखाली काही चमकत नाही. निळं बॉलपेन, त्या काळाला शोभेल असं, शाईचे बारीक गोळे जिथे जमायला हवेत तिथेच जमलेले. चोवीस सह्या. रोस्टर लावला आणि माझे हात थांबले, कारण एकही चूक नाही. १९५४ च्या उन्हाळ्यातल्या साधारण तीन आठवड्यांत ही चोवीस माणसं त्या टीममध्ये एकत्र होती, त्याच्या आधी नाही, नंतर नाही. खोटा बॉल करणारा इथेच फसतो. तो आठ-दहा मोठी नावं घालतो आणि उरलेली जागा कशीतरी भरतो. इथे एक पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, होता जो त्या सीझनला जेमतेम चार मॅच खेळला आणि घरी गेला. पैशांसाठी बनवणाऱ्याला हा माणूस माहीतच नसतो. शिवाय हॉल ऑफ फेममधले, म्हणजे खेळातल्या थोर लोकांच्या मानाच्या यादीतले, चार जण आहेत त्यात, म्हणजे खरा निघाला तर बाईला काही हजार डॉलर सहज. मी मनातल्या मनात तिला पैसे देऊनसुद्धा टाकले होते.

मग सह्या बघायला घेतल्या.

टीम बॉलवर सगळ्या सह्या एकाच पेनच्या असल्या तर त्यात काही गैर नाही, क्लबहाउसमध्ये एक पेन आणि बॉलचा डझनाचा डबा फिरायचा. पण बॉल हातातून हातात जातो तेव्हा प्रत्येक जण तो आपल्या सोयीने फिरवतो. कोणाची सही वर चढते, कोणाची शिवणीला धडकते, डावखुरा असेल तर शेजारच्या ओल्या शाईवरून हात जाऊन पुसट डाग पडतो. बायकोशी भांडून आलेला सुद्धा ओळखू येतो असं आमचा सिनियर म्हणतो, ते सोडा. ह्या बॉलवर तेवीस सह्या एकाच तिरकसपणाने, सारख्या अंतरावर, पॅनेलमागून पॅनेल, शुद्धलेखनाच्या वहीसारख्या. नक्कल वाईट नव्हती बरं का. कॅपिटल अक्षरांना त्याने मेहनत घेतली होती, ज्याचा त्याचा झोक उचललेला. पण माणूस कॅपिटल सांभाळतो आणि मधल्या बारीक अक्षरांत आपल्या घरी जातो. हे मला बँकेत कळलं होतं, मुलगा वडिलांची सही करायचा तेव्हा आडनावाचं पहिलं अक्षर अगदी वडिलांचं आणि शेवटचं 'कर' स्वतःचं.

इथे ते बारीक अक्षर म्हणजे इंग्रजी ई. आरशातल्या तीनासारखा काढलेला, दोन अर्धगोल, एकावर एक. त्याला ग्रीक ई म्हणतात. काही लोकांना शाळेपासून सवय असते. तेवीसपैकी ज्या ज्या नावात ई होता त्या प्रत्येकात हाच. आणि टी ची आडवी दांडी उजवीकडे वर पळणारी, पुढच्या अक्षराच्या डोक्यावरून. तेवीस सह्या, हात एक.

यात धक्का बसण्यासारखं काही नाही खरं तर. 'क्लबहाउस सही' हा आमच्या धंद्यातला रोजचा शब्द आहे. मोठ्या खेळाडूंना बॉलचे डबेच्या डबे सही करायला यायचे, कंटाळायचे, मग क्लबहाउसमधल्या पोरांना सांगायचे तूच कर. मॅनेजमेंटला माहीत असायचं. कोणाला फसवावं म्हणून नाही, काम उरकावं म्हणून. त्या काळातले निम्मे आजोबा जे 'माझ्यासमोर' म्हणतात त्यांना बॉल मिळाला असतो तो असा, दारातून आत गेलेला आणि दहा मिनिटांनी सह्या होऊन बाहेर आलेला.

मी रिपोर्ट लिहायला घेतला, आणि सोबतचे कागद फाइलला लावायचे म्हणून स्कॅन करत होते. पोस्टकार्ड उलटं केलं. आईला लिहिलेलं, पहिलाच शब्द 'डिअर', दुसरा 'मदर'. दोन्हीत आरशातला तीन.

मी खुर्चीत मागे टेकले. मग पुढे झुकून नीट केलं सगळं, भिंगाखाली, फोटो शेजारी शेजारी लावून, कारण एक ई म्हणजे काही पुरावा नाही, हजारो लोक तसा काढतात. टी ची दांडी. आर च्या सुरुवातीचा खालून येणारा छोटा आकडा. दोन एल मधली उंची, दुसरा नेहमी बुटका. दोन वर्षांचं अंतर, तेच वय, तोच हात. कोर्टात उभं केलं असतं तरी सांगितलं असतं.

सिनियरला दाखवलं. तो चाळीस वर्षं ह्यात आहे, चांगला माणूस आहे, पण वाद टाळण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. त्याने पोस्टकार्ड बघितलं, बॉल बघितला, हसला, म्हणाला, "म्हणजे ही वडिलांचीच सही झाली की, चोवीस वेळा!" मला ते अजिबात आवडलं नाही. एक तर तेवीस. आणि मग म्हणाला, आपण बॉलवर मत देतो, घराण्यावर नाही, फॉर्मवर जो चौकोन आहे त्यात टिक कर. फॉर्मवर चौकोन तीन आहेत, खरी, खोटी, मत देता येत नाही. 'क्लबहाउस' असा चौकोन नाही. मी दोन वर्षं मागतेय, तो काही येत नाही, कारण वरच्यांचं म्हणणं गिऱ्हाइकाला 'खोटी' पेक्षा ते जास्त लागतं.

संध्याकाळी ते म्हातारपणीचं पत्र तिसऱ्यांदा वाचलं. बाई मला सांगताना म्हणाली होती, "बाबांसमोर सगळ्यांनी सही केली, त्यांनी लिहून ठेवलंय." तर त्यांनी तसं लिहिलेलंच नाही. पत्रात आहे ते एवढंच, की हा बॉल मी त्या उन्हाळ्यात क्लबहाउसमधून घरी आणला, त्यावर सगळी नावं आहेत, एकही सुटलेलं नाही, आणि हा विकू नका. सगळी नावं आहेत! सह्या हा शब्द अख्ख्या पत्रात नाही. सांगणाऱ्याने शब्द मोजून लिहिले होते आणि ऐकणाऱ्यांनी आपल्याला हवं ते ऐकलं.

चोविसावी सही राहिली. ती त्या चार मॅचवाल्या पिचरची, वाकडी, बॉल उलटा धरून केलेली, बाकीच्यांच्या डोक्याकडे पाय. तिचे नमुने जगात फार नाहीत, आम्हाला दोनच मिळाले, पण ती खरी आहे. बाजारात तिला कोणी काही देणार नाही. त्या पोराने बहुतेक डबा भरताना त्याला सांगितलं असेल, तुझी तूच कर. किंवा तो शेजारी बसला असेल, त्याला कोणी काही करायला सांगितलंच नसेल. माहीत नाही. मी ह्याचा विचार गरजेपेक्षा जास्त केलाय.

आठवड्याने बाई बॉल घ्यायला आली. रिपोर्ट तिने मेलवर आधीच वाचला होता. मी रडणं, आवाज चढणं, मॅनेजरला बोलवा, सगळ्याची तयारी करून बसले होते, असल्या मालाचे शो भरतात तिथे ते रोजचं आहे. तिने फक्त विचारलं, "चोवीसमधली एक खरी म्हणता, कुठली?" मी दाखवली. तिने नाव वाचलं, म्हणाली हे कधी ऐकलं नाही. मग विचारलं, "बाकीच्या कोणी केल्या असतील?"

मला उत्तर माहीत होतं. तिच्या हातातल्या प्लास्टिकच्या पाकिटात होतं. आणि मी म्हटलं की त्या काळात क्लबहाउसमध्ये काम करणारी माणसं करायची, ही पद्धतच होती, ह्यात फसवणूक नव्हती. शब्दन् शब्द खरा. ती माझ्याकडे बघत राहिली, मी रजिस्टर पुढे केलं सही करायला. तिने सही केली. तिचा ई साधा आहे, तुमच्या माझ्यासारखा.

बँकेत असताना एकदा एका म्हाताऱ्याचा चेक मी परत पाठवला होता, सही जुळत नाही म्हणून. मुलगा तणतणत आला, म्हणाला मॅडम, वडिलांचा हात हलतो, त्यांनीच सांगितलं तू कर, ते बाहेर रिक्षात बसलेत. मी बाहेर जाऊन बघितलं, खरंच बसले होते, मला नमस्कार केला. चेक तरीही पास केला नाही, अंगठा घेऊन नवा फॉर्म भरायला लावला, आणि तेव्हा मला त्यात जरासुद्धा काही वाटलं नव्हतं.

बाई डब्यात बॉल ठेवत होती. पत्र आणि पोस्टकार्ड पर्समध्ये टाकायला लागली तेव्हा मी म्हटलं, "कागद बॉलबरोबरच ठेवा, वेगळे करू नका." तिने का म्हणून विचारलं नाही. पायमोज्यावर कागद ठेवले, झाकण लावलं, नीट बसत नव्हतं म्हणून दोनदा दाबलं.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, अगं मग तू सांगितलंसच की तिला. मी म्हटलं नाही, नाही सांगितलं. तेव्हापासून आमचा हा वाद चालू आहे.