कळवा–ऐरोलीचा अपुरा दुवा

मुंबई महानगर प्रदेशाच्या वाहतुकीविषयी बोलणे सुरू झाले की ते थोड्याच वेळात सागरी पूल, बोगदे आणि मेट्रोच्या क्रमांकांकडे वळते. ही कामे निरर्थक आहेत असे मी म्हणणार नाही. मात्र गर्दी कमी करणे आणि प्रवास सुरक्षित करणे ही दोन निरनिराळी उद्दिष्टे मानून आखलेला आराखडा या प्रदेशाला पुरणार नाही, असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडे उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे जीव गमावतात, आणि त्यांतली बहुतेक रूळ ओलांडताना किंवा धावत्या गाडीतून पडून दगावतात. पादचारी पूल दूर असतो किंवा त्यावर पाय ठेवायला जागा नसते म्हणून रूळ ओलांडले जातात, आणि आत शिरता येत नाही म्हणून दारात लटकावे लागते.

9 जून 2025 रोजी दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान लोकलच्या दारातले प्रवासी खाली पडले आणि त्यांतले काही मृत्युमुखी पडले. त्यानंतर स्वयंचलित दारांची चर्चा पुष्कळ झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण इतकी माणसे त्या गाड्यांत का होती, हा प्रश्न मागे पडला. कल्याण, डोंबिवली, दिव्याहून ऐरोली, घणसोली, महापे या नवी मुंबईतल्या पट्ट्यात नोकरीला जाणाऱ्या माणसाला मुंबईत यायचेच नसते. तरीही त्याला मुंबईच्या दिशेने जाणारी लोकल पकडावी लागते, ठाण्याला उतरून जिने चढावे लागतात आणि ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या, 2004 मध्ये सुरू झालेल्या ट्रान्स-हार्बर मार्गाच्या फलाटावर जाऊन दुसरी गाडी धरावी लागते. म्हणजे मुळात मुंबईकडे न येणारी माणसे मुंबईच्या गाडीत आणि ठाण्याच्या पुलावर भर घालतात.

यावरचा उपाय कागदावर केव्हाच सापडलेला आहे. कळवा आणि ऐरोली यांना थेट जोडणारा, म्हणजे कल्याणकडून येणाऱ्या गाडीला ठाण्याला न जाता नवी मुंबईकडे वळवणारा उन्नत रेल्वेमार्ग एमयूटीपी-3 (मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाचा तिसरा टप्पा) या प्रकल्पात आहे, आणि त्या प्रकल्पाला 2016 मध्ये मंजुरी मिळाली. त्यातले दिघा गाव स्थानक 12 जानेवारी 2024 रोजी सुरू झाले, परंतु कळव्याकडचा जोडमार्ग तेथल्या झोपड्यांच्या पुनर्वसनापाशी अडून राहिला. त्याच दिवशी 21.8 किलोमीटर लांबीच्या अटल सेतूचेही उद्घाटन झाले. दुचाकी आणि रिक्षा यांना प्रवेश नसलेला हा सेतू पूर्ण करण्यासाठी जी प्रशासकीय इच्छाशक्ती एकवटली, तिचा थोडा अंश कळव्याच्या कुटुंबांना योग्य घरे देण्यासाठी वापरला गेला असता, तर ठाण्याच्या फलाटावरचा ताण आज कितीतरी हलका झाला असता. त्या कुटुंबांना दोष देणे अन्यायाचे आहे, कारण पुनर्वसन हा प्रकल्पाचाच भाग असतो आणि त्याची तरतूद रुळांच्या आधी व्हायला हवी.

इच्छा असली की काम किती लवकर होते, हेही आपण पाहिले आहे. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत 23 जणांचा बळी गेला. परळच्या गिरण्यांच्या जागी कार्यालयांचे मनोरे उभे राहिले, रोज उतरणाऱ्यांची संख्या वाढत गेली, पण जिना तेवढाच राहिला होता. दुर्घटनेनंतर लष्कराला पाचारण करण्यात आले आणि 2018 च्या फेब्रुवारीत नवा पूल खुलाही झाला. हे काम आधी होण्यात तांत्रिक अडचण नव्हती, हे त्यावरून पुरेसे स्पष्ट होते.

अडचण आहे ती जबाबदारीच्या वाटणीत. या प्रदेशात नऊ महानगरपालिका आहेत, रेल्वे केंद्राकडे आहे आणि तीही दोन विभागांत विभागलेली आहे. मोठे रस्ते कुठे महापालिकेचे, कुठे एमएमआरडीएचे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे), तर कुठे रस्ते विकास महामंडळाचे असतात, आणि बससेवा प्रत्येक पालिकेची वेगळी असते. त्यामुळे स्थानकाच्या दारापर्यंतची जबाबदारी एकाची आणि दारापुढच्या पदपथाची, बसथांब्याची, रिक्षातळाची दुसऱ्याची, असे होते. घोडबंदर रस्त्यावर किंवा कल्याण–शीळ मार्गावर अवजड वाहने, शाळेच्या बस आणि पायी चालणारी माणसे एकाच पट्ट्यात येतात, तेव्हाही कोणाकडे दाद मागावी हे नागरिकाला कळत नाही. या सर्व यंत्रणांचा समन्वय साधण्यासाठी एकीकृत वाहतूक प्राधिकरणाची कल्पना कित्येक वर्षे मांडली जात आहे. अशा प्राधिकरणाला निधी अडवण्याचा आणि कामांचा क्रम बदलण्याचा कायदेशीर अधिकार नसेल, तर ते बैठकांपुरतेच उरेल.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. प्रादेशिक आराखड्याचा पुढचा आढावा घेताना प्रकल्पांच्या यादीसोबत मृत्यूंचा नकाशाही मांडला जावा: कोणत्या स्थानकांदरम्यान, कोणत्या चौकात, कोणत्या वेळी माणसे दगावतात, हे त्यावर दिसावे, आणि पैशांचा क्रम त्यावरून ठरावा. अशा क्रमात कळवा–ऐरोलीचा जोडमार्ग, अरुंद पादचारी पूल आणि स्थानकांबाहेरचे पदपथ कितीतरी वर येतील, आणि त्यांची सुरुवात कळव्यातल्या पुनर्वसनाची तारीख जाहीर करून करता येईल.