काळी पाचचा गंधार

गेल्या रविवारी दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीने माझ्यासमोर बरोबर गंधार, म्हणजे सा रे ग मधला ग, लावला, पेटीचा गंधार ऐकून तो सोडला आणि पेटीसारखा चुकीचा लावला. पेटी मी लावून दिलेली होती. आठ दिवस झाले, तो गंधार काही डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलोय.

मी सांगलीत बँकेत अधिकारी आहे. बँकेत काय करतो ते फारसं सांगण्यासारखं नाही. कर्ज मागायला आलेल्या माणसाला विमा विकतो. नोकरीला चोवीस वर्षं झाली. आमच्या वेळी लागलेल्यांना वीस वर्षं भरल्यावर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते आणि पेन्शन चालू होते. नुसता राजीनामा दिला तर पेन्शनवर पाणी. हा फरक मला पूर्वी माहीतही नव्हता, आता झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन, यावरून काय ते समजा. नोटिशीचा मसुदा मार्चपासून लॅपटॉपमध्ये पडून आहे. तारीख तेवढी घातलेली नाही.

पेट्या दुरुस्त करायला लागून सोळा वर्षं झाली. पैसे घेत नाही. त्यात मोठेपणा काही नाही. बँकेच्या अधिकाऱ्याला परवानगीशिवाय दुसरा धंदा करता येत नाही, एवढंच. चामडं, बनात (जाड लोकरी कापड), स्प्रिंगा यांचे जे लागतील ते घेतो. बाकी लोक आपणहून देतात ते हळद आणि बेदाणे. आमच्या घरात बेदाणे विकत आणल्याचं मला आठवत नाही. 'तुमच्यासारखा हात नाही' असंही देतात, भरपूर. फुकट काम करणाऱ्याचा हात कुणालाच वाईट वाटत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण ऐकायला गोड लागायचं.

शिकलो मिरजेला, सतारमेकर गल्लीत. चाचा मूळचे तंबोऱ्याचे कारागीर. पेटी म्हणजे त्यांच्या लेखी खोकं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी पेढे घेऊन गेलो होतो. चाचांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "मग आता भोपळा स्वस्त व्हईल का?" पेटीचं सुतारकाम मी दुसऱ्यांकडे शिकलो, पण ऐकायचं कसं ते चाचांकडे. जवारी काढताना, म्हणजे तार गुंजती करताना, ते घोडीवर तारेखालून दोरा इकडून तिकडे सरकवत राहतात आणि खर्जाच्या तारेतून गंधार आपसूक बोलायला लागला की थांबतात. तो गंधार कुणी छेडलेला नसतो. तो एकदा कानात बसला की माणूस पुढे कामातून जातो.

कारण पेटीतला गंधार तो नसतो. पेटी सप्तकाचे बारा सारखे तुकडे करते. एका तुकड्याचे शंभर भाग केले, त्यांना सेंट म्हणतात, तर पेटीचा गंधार षड्जापासून, म्हणजे सा पासून, ४०० सेंटवर आणि तंबोऱ्यातला ३८६वर. चौदा सेंटचा फरक. धैवतात सोळाचा. ऐकणाऱ्या बहुतेकांना कळत नाही, पण ज्याला कळतो त्याला जेवणात खडा लागावा तसा लागतो. आकाशवाणीने १९४० साली पेटीला बाहेर काढलं आणि पुढची तीसेक वर्षं आत घेतलं नाही, त्यामागच्या तक्रारींत ही एक होतीच.

तर झालं असं की, गावातल्या एका संगीतवर्गाच्या सरांनी मला कोटेशन मागितलं. नऊ पेट्या, वर्षातून दोनदा, तीन वर्षांचा करार. 'तुम्ही नोकरी सोडताय असं ऐकलं' म्हणाले. कुठून ऐकलं कोण जाणे; मी घरात सुद्धा निम्मंच सांगितलं होतं. त्यांच्या ओळखीचे आणखी दोन वर्ग होते. मी म्हटलं, आधी एक पेटी नमुना म्हणून लावून देतो, दर नंतर बोलू. सर म्हणाले, मग माझीच न्या.

बायकोने एकच सांगितलं. "तास लिहून ठेवा." ती शाळेत गणित शिकवते.

तीन दिवस रजा टाकली. पेटी बेचाळीस पट्ट्यांची, दुहेरी सुरांची, म्हणजे चौऱ्याऐंशी रीड. आतून मात्र तिची दशा भजनी मंडळाच्या पेटीसारखी होती. (भजनातल्या पेटीत काय सापडत नाही! तांदूळ, सेफ्टी पिन, दहा पैशांचं नाणं, आणि बुक्का. बुक्का रीडच्या फटीत बसला की सूर घोगरा होतो आणि नुसत्या फुंकरीने जात नाही, मऊ ब्रशने आणि सबुरीने काढावा लागतो. वारीहून आलेल्या पेटीचा वास महिनाभर खोलीतून हलत नाही. मला तो आवडतो.) भात्याचे कोपरे गळत होते, बनात कसरीने खाल्लेली. ते सगळं पहिल्या दिवशी उरकलं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, ते कुणीही करेल.

खरं काम रीडचं. पितळेची जीभ एका टोकाला रिव्हेटने पक्की, दुसरं टोक मोकळं. मोकळ्या टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. घासायचं म्हणजे जिभेखाली पातळ पत्रा सरकवून कानशीच्या टोकाने दोन-तीन ओढी, बस. घासलेलं पितळ परत चिकटवता येत नाही. घासल्यावर लगेच ऐकून चालत नाही, कारण धातू तापलेला असतो. निवला की सूर सरकतो. बाहेर भात्यावर ऐकून चालत नाही, कारण खोक्यात बसवल्यावर तोच रीड वेगळा बोलतो. म्हणजे घास, बसव, वाजव, काढ, घास. दोन्ही रीड जुळत आले की सूर हिंदकळायला लागतो, आधी भरभर, मग सावकाश, मग एक लांब झोका, आणि मग झोका थांबतो. त्या थांबण्यासाठी मी सोळा वर्षं रविवार घालवलेत.

सर काळी एकमध्ये गातात, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी त्यांचा षड्ज. मी त्यांना अनेकदा ऐकलंय, त्यांचा गंधार सुरेख आहे आणि त्यांची पेटी त्याच्याशी भांडते हेही ऐकलंय. म्हटलं, नमुनाच द्यायचा तर असा देऊ की यांनी आयुष्यात ऐकला नसेल. काळी एक षड्ज धरून अख्खी पेटी तंबोऱ्यावर लावली. गंधार चौदा सेंट उतरवला, धैवत सोळा, पंचम दोन चढवला, कोमल ऋषभ बारा चढवला. एकोणीस तास लागले. बायकोने दीड हजाराला एकोणिसाने भागलं (माझ्या माहितीतला एक कारागीर एका पेटीचे दीड हजार घेतो आणि दिवसात दोन पेट्या उडवतो). "तासाला एकोणऐंशी रुपये," ती म्हणाली, "आणि यात चहा धरलेला नाही."

रविवारी पेटी घेऊन गेलो. सरांनी काळी एक धरली, यमनचा नि रे ग घेतला आणि गंधारावर थांबले. डोळे मिटले. पुन्हा घेतला. मग उठून आत गेले आणि बायकोला बोलावून आणलं, 'ऐक' म्हणाले. मला वाटतं, नोकरीतल्या चोवीस वर्षांत मला असं कुणी काही म्हटलं नाही. खिशात कोटेशनचा कागद होता, रकमेची जागा रिकामी ठेवलेला. मनात मी तिथे दीडच्या जागी साडेतीन हजार लिहिले.

तेवढ्यात मुलं आली. त्या दिवशी सगळ्या तुकड्या एकत्र होत्या, परीक्षेची तयारी चालली होती. एकेकाला पुढे बसवून भूप राग म्हणून घेत होते. पहिली दोन मुलं मोठी, काळी एकच. छान झालं. मग ती आली. दोन वेण्या, समोरचा दात पडलेला. सरांनी तिची पट्टी धरली. काळी पाच.

जाणकाराने इथेच ओळखलं असेल. मी नव्हतं ओळखलं.

सा ठीक, रे ठीक. ग म्हणून पेटीवर जी पट्टी दाबली जाते ती काळी पाचला पांढरी दोन. तीच पट्टी काळी एकचा कोमल ऋषभ, म्हणजे मी बारा सेंट चढवलेली. आणि तिचा षड्ज, काळी पाच, म्हणजे काळी एकचा धैवत, मी सोळा उतरवलेला. बारा आणि सोळा अठ्ठावीस. नेहमीच्या पेटीपेक्षा गंधार अठ्ठावीस सेंट वर, आणि खऱ्या गंधारापेक्षा बेचाळीस. त्याला गंधार म्हणायचं धाडस मी करणार नाही. पंचम पुन्हा जागेवर, धैवत पुन्हा चढा.

हे गणित आत्ता मांडतोय. तिथे नुसतं पोटात खड्डा पडल्यासारखं झालं.

तिने गंधार लावला तो बरोबर लावला. तिच्या मागे इलेक्ट्रॉनिक तंबोरा चालू होता आणि ती त्याच्यात विरघळली होती. वर पेटी किंचाळली. सर म्हणाले, "बेटा, पेटी ऐक नीट." तिने पेटीकडे पाहिलं. पुन्हा सा रे, आणि ग वर येताना तिने मान थोडी वर केली, आवाजही वर ओढला, पेटीच्या बरोबरीला नेऊन ठेवला. सर म्हणाले, "हं, आता बरोबर."

सरांना का कळलं नाही, हे मला आजही सांगता येत नाही. पाच मिनिटांपूर्वी त्यांनीच त्या पेटीवर डोळे मिटले होते. त्या पेटीवरचा त्यांचा विश्वास तेव्हा फार ताजा होता, असं मी धरून चाललोय. सोळा वर्षं कान कमावलेला मी मात्र पहिल्याच गंधाराला समजलो, आणि गप्प बसलो.

किती वेळ? तिचा भूप पुरा झाला. आरोह-अवरोह, सरगम, छोटा ख्याल, चार ताना. दहा-बारा मिनिटं असतील. प्रत्येक वेळी ग आला की ती मान वर करायची. मी खिशातल्या कागदावर बोट फिरवत होतो. फुकट लावलेली पेटी असती तर पहिल्या गंधारालाच 'थांबा थांबा, माझं चुकलंय' म्हणून ओरडलो असतो, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. यापूर्वी तसं केलेलंही आहे, भर भजनात.

बोलला तो एका मुलाचा बाप, फोनवर ट्यूनरचं ॲप उघडून बसलेला. या ॲपवाल्यांना मी वर्षानुवर्षं हसत आलोय. रीड निवायच्या आत ॲप लावतात आणि हिरवा दिवा लागला की पेटी लागली म्हणतात. त्याने फोन वर धरला. "सर, काळी पाच षड्ज धरला तर ही पट्टी तीस सेंटने वर दाखवतेय. नवीन लावलीय ना पेटी?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो. काळी एकसाठी लावलीय. बाकी पट्ट्यांना नाही चालायची." एवढी साधी दोन वाक्यं होती. ती मुलगी तोवर उठून मैत्रिणीजवळ जाऊन बसली होती आणि तिला काही सांगायची जागा उरली नव्हती.

सर रागावले नाहीत. उलट, आपलीच चूक असल्यासारखे 'मुलं वेगवेगळ्या पट्ट्यांत गातात, मी सांगायला हवं होतं' म्हणाले. त्यांनी सांगायला नको होतं. मी विचारायला हवं होतं.

संध्याकाळी मिरजेला गेलो. चाचा भोपळ्याला लाख लावत होते. मी सगळं सांगितलं, सेंटसकट. त्यांनी सेंट सोडून दिले.

"गाणार कोण हाय ते इचारलं न्हाईसा व्हय?"

"सर गातात ना, काळी एक."

"आवो सर गात्यात. पर वाजवून घेणार कोण? पोरं."

आणि परत लाखेकडे वळले. त्या माणसाने अख्ख्या हयातीत, कोण गाणार, कुठल्या स्वरात गाणार, हे विचारल्याशिवाय एका तंबोऱ्याची तार चढवलेली नाही. हे मी स्वतः शेकडो वेळा पाहिलंय. मला वाटायचं, गिऱ्हाइकाशी गप्पा मारतायत.

आठवडाभर रात्री बसून पेटी परत बारा सारख्या तुकड्यांत आणली. मुळाशी घासून उतरवलेले रीड आता टोकाशी घासून चढवायचे. दोन्हीकडून पातळ झालेली जीभ फार सहन करत नाही. मधल्या सप्तकातल्या पांढरी चारचा एक रीड, म्हणजे सरांनी ज्यावर डोळे मिटले त्या गंधारातला एक, हातात तुटला. डब्यात गुजरातमधल्या पालिताण्याचा जुना रीड होता तो बसवला. त्याचा आवाज जरासा कोरडा आहे. सरांना कळणार नाही. मला ती पट्टी आता कधीही ओळखू येईल. अकरा तास लागले. तेही वहीत लिहिलेत.

आज पेटी परत देऊन आलो. या वेळी सगळ्या मुलांच्या पट्ट्या विचारून घेतल्या. काळी एक चौघं, पांढरी दोन एक, काळी चार तिघी, काळी पाच सात जण. सरांनी सगळ्या पट्ट्या वाजवून पाहिल्या, 'उत्तम' म्हणाले. या वेळी आतून कुणाला बोलावलं नाही. नंतर कोटेशनचं विचारलं. मी म्हटलं, शुक्रवारी आणून देतो.

शुक्रवार अशासाठी की त्या मुलीची तुकडी मंगळवारी आणि शुक्रवारी असते, आणि मंगळवारी आमच्याकडे ऑडिट आहे. सरांना विचारून मागे बसता येईल. भूपच चालू आहे म्हणे अजून.