मावशीची "झोपेची गोळी"

आपल्याकडे घराघरात गोळ्यांचा डबा असतो ना, त्यात बीपीची, थायरॉईडची, अ‍ॅसिडिटीची आणि झोपेची अशा सगळ्या गोळ्या शेजारी शेजारी पडलेल्या असतात, आणि त्या शेवटच्या गोळीचं व्यसन लागू शकतं हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. व्यसन म्हणजे दारू, गुटखा. आई-मावशीला कुठलं आलंय व्यसन!

माझी मावशी नाशिकला असते. काका गेले तेव्हा तिला डॉक्टरांनी अल्प्राझोलम ही झोपेची गोळी ०.२५ मिलिग्रॅमची दिली, थोडे दिवस घ्या म्हणाले. थोडे म्हणजे किती ते कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही, मग जुनी चिठ्ठी दाखवून आणि पुढे पुढे तर नुसतं "नेहमीचं दे रे" म्हणून स्ट्रिप मिळत राहिली. ०.२५ ची ०.५ कधी झाली तिलाही आठवत नाही. पेपरात मालेगावला नशेची कुत्ता गोळी पकडल्याची बातमी आली की ही हळहळायची, काय बाई ही पोरं. आता कुत्ता गोळी म्हणजे काय, तर तेच अल्प्राझोलम!! मी हे तिला सांगितलं तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

खरं तर कायद्यात हे औषध शेड्यूल एच१ मध्ये आहे, २०१४ पासून. डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही अशीच झोपेची-शांत करणारी औषधं पण त्यातच. म्हणजे मेडिकलवाल्याने पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती गोळ्या दिल्या हे सगळं रजिस्टरमध्ये लिहून ते ३ वर्षं सांभाळायचं. पाकिटावर लाल चौकटीत इशारा पण असतो. पण ओळखीच्या काकूंसाठी कोण रजिस्टर काढतंय.

भानगड कळली ती पुण्यातल्या एका लग्नात. स्ट्रिप घरी राहिली. पहिली रात्र टक्क जागी, दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, घाम, छातीत धडधड, सगळ्यांना वाटलं हार्टचं काहीतरी आहे, ईसीजी काढला तर नॉर्मल. शेवटी एका तरुण डॉक्टरणीने विचारलं, रोजची कुठली गोळी चुकलीय का?

होतं असं की मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं, ते गाडीच्या ब्रेकसारखं काम करतं, आणि ही गोळी त्या ब्रेकचा जोर वाढवते. रोज वाढवत राहिलं की मेंदू त्या हिशोबाने स्वतःला बदलून घेतो, मग तेवढ्याच गोळीने भागत नाही, आणि गोळी एकदम काढली की ब्रेक धड लागतच नाही. झोप आधीपेक्षा जास्त उडते. आणि माणूस काय म्हणतो, "बघ, मला गोळीशिवाय झोप येतच नाही." झालं, परत गोळी. मला तरी यातली ही सगळ्यात वाईट गोष्ट वाटते, गोळी सुटताना होणारा त्रास आपण मूळचा आजार समजतो.

हे काही नवीन कळलेलं नाहीये. व्हॅलियम (म्हणजे डायझेपामच) बाजारात आलं १९६३ ला, त्याआधीच्या बार्बिट्युरेट्स नावाच्या झोपेच्या औषधांचा डोस जास्त झाला की माणसं जायची, म्हणून हे सुरक्षित वाटलं. पण ब्रिटनमध्ये १९८८ लाच डॉक्टरांना सांगितलं होतं की ही औषधं २ ते ४ आठवड्यांपलीकडे नको. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण खात्याने, २०२० मध्ये सवय लागण्याबद्दलचा इशारा ठळक चौकटीत छापायला लावला. आणि आपल्याकडे वर्षानुवर्षं "साधी झोपेची आहे हो". म्हाताऱ्या माणसांत तर रात्री बाथरूमला उठताना तोल जाणं, खुब्याचं हाड मोडणं, विसरायला होणं, हे सगळं वयावर ढकललं जातं. वर दारू किंवा कोडीनवालं कफ सिरप घेतलं तर श्वासच मंदावतो, त्यात जीवही जातो.

हे सगळं ऐकून मावसभाऊ पेटलाच, आजपासून बंद म्हणून स्ट्रिप कचऱ्यात टाकायला निघाला. त्याला थांबवलं ते बरं, कारण बरीच वर्षं घेतलेली गोळी एकदम तोडली तर फिट येऊ शकते. मग सायकियाट्रिस्टकडे गेलो (तिथे जायला पण मावशीची समजूत घालावी लागली, मी काय वेडी आहे का वगैरे). ते रागावले नाहीत, काही नाही, हळूहळू कमी करायचा तक्ता करून दिला, काही आठवडे एक डोस, मग त्याहून थोडा कमी, त्रास वाटला तर तिथेच थांबायचं, घाई नाही. ज्यांना सायकियाट्रिस्टकडे लगेच जाणं जमत नाही त्यांनी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करून निदान विचारावं तरी, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

मावशीचं अजून चालूच आहे. दुपारचा चहा बंद केलाय, त्याचा राग गोळीपेक्षा जास्त आहे. गोळीचे तुकडे करायचा कटर आणलाय, त्यात पाव गोळीचा भुगा होतो म्हणून रोज कंपनीला शिव्या घालते.