हम सापडला! पॉवर्ड मॉनिटर विकणं रद्द

स्पीकरमधून सतत येणारा हम (विजेची घूं-घूं) गेला. पूर्ण गेला! ट्वीटरला (उंच सुरांचा छोटा स्पीकर) कान लावला तरच बारीक हिस (स्स्स असा आवाज) येते, आणि तेवढी चालायचीच.

मागच्या अपडेटमध्ये पाच इंची पॉवर्ड मॉनिटर (आतच अँप्लिफायर असलेले स्पीकर) विकून वेगळा अँप आणि पॅसिव्ह (आत अँप नसलेले) बुकशेल्फ स्पीकर घ्यायचा बेत होता, तो या हमपायीच. पिक्चर बघताना खपून जायचं, पण ख्याल लावला की जीव नकोसा व्हायचा. काळी एक पट्टीच्या तानपुऱ्याचा पंचम येतो साधारण 104 हर्ट्झला. आपली वीज 50 हर्ट्झची, तिचा दुसरा हार्मोनिक (दुप्पट सूर) 100. म्हणजे खऱ्या पंचमाला खेटून एक उतरलेला पंचम, आणि दोघांची मिळून सेकंदाला चार वेळा थरथर. विलंबितात दुसरं काही ऐकूच येईना.

ग्राउंड लूप (अर्थिंगला दोन वाटा मिळाल्या की वायरींतून फिरणारा करंट) हे उघड होतं, पण कुठला? बाकी सगळं काढून नुसता मोबाइल लावला तर शांत. डॅकला (डिजिटल सिग्नलचं अ‍ॅनालॉग करून स्पीकरला देणारा डबा) जोडलेला लॅपटॉप बॅटरीवर चालवला, हम तसाच. सगळे प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणले, थोडा उतरला, गेला नाही. (अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला हमखास मिळतो. कृपा करून ऐकू नका, फॉल्ट आला तर जिवावर बेतेल.) शेवटी मित्राचा तीन पिनांचा जुना इंटिग्रेटेड अँप आणि पॅसिव्ह स्पीकर आणून लावले. तोच हम, त्याच सुरात! म्हणजे स्पीकर पॉवर्ड असण्याशी संबंधच नाही.

मग डॅकच्या वायरी एकेक काढल्या. टीव्हीकडून येणारी कोअ‍ॅक्सियल (तांब्याची वायर) निघाली आणि खोली शांत. ती परत लावून सेट-टॉप बॉक्समधली केबलवाल्याची वायर काढली, तरी शांत! त्या वायरचं शील्ड (बाहेरची धातूची जाळी) बिल्डिंगमध्ये भलतीकडे अर्थ झालंय, स्पीकर आमच्या घरच्या अर्थवर. आता टीव्ही ते डॅक टॉसलिंक (ऑप्टिकल वायर) टाकलीय. तिच्यातून प्रकाश जातो, तांबं मध्ये नाहीच, लूप तुटला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरची साधी वायर पुरते. सोन्याच्या मुलाम्याला जादा पैसे देऊ नका, प्रकाशाला त्याने काही फरक पडत नाही.

तर पॉवर्ड राहणार. वूफर (खर्जाचा स्पीकर) आणि ट्वीटरला स्वतंत्र अँप आणि त्याआधी अ‍ॅक्टिव्ह क्रॉसओव्हर (खालचे-वरचे सूर वाटून देणारं सर्किट), हे वेगवेगळं जमवायचं तर माझं बजेट कोलमडेल. दुरुस्तीत मात्र वेगळा अँपच सरस. पॉवर्डमधला प्लेट अँप (स्पीकरच्या पाठीवर बसवलेला) गेला की अख्खा स्पीकर आडवा.

आणि हे लिहिता लिहिता सुचतंय: मित्राचे पॅसिव्ह 86 डीबीचे आहेत (1 वॉटला, मीटरभर अंतरावर). 8 वॉटला मीटरभर अंतरावर 95 डीबी, बेडरूमला भरपूर. तो द्यायला तयार आहे. टीपीए3116 या अँप-चिपचा बोर्ड आणि 24 व्होल्टचा दोन पिनांचा अडॅप्टर, म्हणजे अर्थिंगच नाही, लूपही नाही. बुकशेल्फचं बजेट या बेडरूमच्या सेटकडे वळवतो. असा बोर्ड कोणी अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात बसवलाय का? व्हॉल्यूमचा पॉट (फिरवायचा रेझिस्टर) कुठला वापरलात?