कधीतरी म्हणजे कोणता वार?

शनिवार, रात्री साडेदहा

आज स्वमग्न (ऑटिस्टिक) तरुणांच्या गटात लेकाने शिकवणाऱ्या ताईंना विचारलं, "कधीतरी म्हणजे कोणता वार?"

मागच्या आठवड्यात शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या, जाताजाता म्हणाल्या, "ये रे कधीतरी घरी." हा दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला त्यांच्या दारात. काकूंनी आत घेतलं, पोहे दिले, पण "आत्ता कसा काय आलास?" असं तीनदा विचारलं. आपलं काहीतरी चुकलं, हे त्याला बरोबर कळलं. तेवीस वर्षांचा मुलगा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून होता. स्वमग्न मुलांना माणसं नकोच असतात म्हणणाऱ्यांनी तेव्हा त्याला बघायला हवं होतं.

ताई शिकवतात ती पद्धत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या 'पीअर्स' या मैत्री आणि गप्पा शिकवणाऱ्या कार्यक्रमावर बेतलेली. तरुणांसाठी तो 16 आठवड्यांचा असतो आणि घरातलं एक माणूसही सोबत शिकतं. भेट ठरवायची तर कोण, कुठे, कधी, काय करायचं, सगळं आधी ठरवायचं. ताईंनी फळ्यावर 'कधीतरी' लिहिलं, खोडलं आणि खाली हे चार प्रश्न लिहिले. लेकाचे खांदे सैल झाले.

मला मात्र काकूंचं वाक्य सोडेना. आपण तोंडदेखलं बोलतो आणि त्याने खरं मानलं की शिकवणी त्याला लावतो. डेमियन मिल्टन हे ब्रिटिश संशोधक स्वतः स्वमग्न आहेत. त्यांनी 2012 मध्ये मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. मी स्वतः किती वर्षं "डोळ्यांत बघून बोल" म्हणून त्याची हनुवटी वर केली! एकदा तो म्हणाला, "डोळ्यांत बघितलं की ऐकू येत नाही." त्या दिवसापासून हात आवरला. फार उशीर केला मी.

संध्याकाळी त्याने गटातल्या मित्राला मेसेज लिहिला. चार वेळा खोडून, पाचव्यांदा पाठवला: "रविवार. 4 ते 5:30. स्वारगेटला बस बघू. मग चहा. तू आणि मी. येणार का?"

उत्तर आलं, "हो. 5:30 ला मी निघेन."

मला हे तुटक वाटलं. लेक मात्र स्वयंपाकघरात येऊन तो मेसेज मला दोनदा वाचून दाखवून गेला.

उद्या काकूंना गाठायचंय. त्याला बोलवा, पण वार आणि वेळ सांगून बोलवा, एवढंच सांगेन.