गालाचा कॅन्सर: तुकडा तपासण्यापासून शेवटच्या शेकापर्यंत

तोंड आलं की आपल्याकडे दोनच कारणं सांगितली जातात: पोट साफ नाही, नाहीतर उष्णता वाढली. थोरल्या भावाच्या म्हणजे दादाच्या गालातली जखमही बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि जेल यांत पाच आठवडे तशीच राहिली. पुढे मुंबईत सगळे उपचार होईपर्यंत मी सोबत होतो. या आजारात उपचारांइतकेच दोन उपचारांमधले दिवस महत्त्वाचे असतात, आणि ते कुठे कुठे गळतात हे आधी कुणी सांगत नाही. म्हणून क्रमाने लिहितो.

आधी ओळखायचं कसं. साधा छाला चांगलाच झोंबतो आणि दहा-चौदा दिवसांत भरून येतो. कॅन्सरची जखम सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही, म्हणून माणूस निवांत राहतो. तिच्या कडा उचललेल्या असतात आणि बोट फिरवलं तर कडक लागतात. दोन आठवड्यांत जखम भरली नाही तर जेल बदलण्यात वेळ घालवू नये, दाखवायला जावं. पुसून न जाणारा पांढरा चट्टा आणि त्याहून धोक्याचा मखमली लाल चट्टा, एकच दात अचानक हलायला लागणं, कानात काही नसताना कान ठणकणं, खालचा ओठ बधिर होणं, जबड्याखाली न दुखणारी गाठ, ही बाकीची लक्षणं. आरशासमोर स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात जातात का पाहा. जात नसतील तर सुपारीने गाल आतून आवळत आणला आहे असं समजायला हरकत नाही.

दादाची तंबाखू-सुपारीच्या माव्याची गोळी उजव्या गालफडात असायची आणि जखमही नेमकी तिथेच, खालची हिरडी आणि गाल यांच्यामधल्या खाचेत होती. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ साली आली, पण सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकमध्ये घोटून द्यायचं काही थांबलं नाही. ‘तंबाखू नाही हो, नुसती सुपारी खातो’ असं म्हणणाऱ्यांसाठी: तंबाखूशिवायची सुपारीही कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्येच नोंदवलं आहे. घरातल्या बायकांच्या मिश्रीलाही हाच नियम.

मग बायोप्सी, म्हणजे तुकडा तपासणं. ‘चाकू लागला की खवळतो’ हे वाक्य मी किमान दहा जणांकडून ऐकलं. तोंडातल्या जखमेचा छोटा तुकडा घेतल्याने आजार पसरत नाही, तुकडा न घेता घालवलेल्या महिन्यांत मात्र वाढतो. तुकडा जखमेच्या कडेचा हवा. मधोमध सडलेला भाग आला तर रिपोर्ट अर्धवट येतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. रिपोर्टमध्ये बहुधा ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’ असतं, पुढे वेल, मॉडरेट किंवा पूअर असा शब्द असतो. ती पेशींची प्रत आहे, स्टेज नव्हे. ‘मॉडरेट म्हणजे दुसरी स्टेज’ असं आमच्याकडे एकाने छातीठोकपणे सांगितलं होतं.

आमचे सगळ्यात जास्त दिवस इथे गेले. मोठ्या रुग्णालयात नुसता रिपोर्ट चालत नाही, त्यांचे पॅथॉलॉजिस्ट स्वतः पुन्हा बघतात. त्यासाठी स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही लागतात. ब्लॉक म्हणजे मेणाच्या चौकोनी वडीत घट्ट बसवलेला आपला तुकडा. काडेपेटीहून लहान प्लॅस्टिकची जाळी असते, तिच्या पाठीवर मेणात करड्या रंगाचा ठिपका दिसतो आणि कडेला पेन्सिलीने नंबर लिहिलेला असतो. आम्ही मुंबईला पोचलो ते दोन स्लाइड घेऊन. ब्लॉकसाठी परत गावी जावं लागलं, लॅबवाल्याने ‘उद्या या’ म्हणत तीन दिवस काढले. बायोप्सी देतानाच सांगून ठेवावं की स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही लागणार आहेत, आणि हातात घेताना ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळवून पाहावा. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये, मेण वितळतं.

स्कॅनबद्दल थोडक्यात. गालाला आणि जबड्याला साधारणपणे कॉन्ट्रास्टचा, म्हणजे शिरेतून औषध देऊन केलेला सीटी, हाड खाल्लं आहे का ते त्यात दिसतं. जिभेच्या कॅन्सरला एमआरआय जास्त कामाचा. पेट सीटी, म्हणजे सगळ्या अंगाचा स्कॅन, सगळ्यांना लागत नाही. नातेवाईक मात्र ‘पेट केला का?’ हेच आधी विचारतात. सीटीला जाताना क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट जवळ नसेल तर कॉन्ट्रास्ट देत नाहीत आणि तारीख पुढे जाते. स्कॅनची सीडी जपून ठेवा, नुसत्या छापील फिल्मवर सर्जन समाधानी नसतात.

स्टेज ठरते ती गाठीचा आकार, आत किती खोल गेली आणि मानेतल्या गाठी यांवर. दोन सेंटिमीटरपर्यंतची आणि पाच मिलिमीटरपेक्षा खोल न गेलेली जखम टी-१ (टी म्हणजे मूळ गाठ). जबड्याच्या हाडाचं कवच फोडून आत गेली किंवा गालाच्या कातडीपर्यंत आली की टी-४. पेपरात येतं तसं ‘चौथी स्टेज म्हणजे संपलं’ हे तोंडाच्या कॅन्सरला लागू नाही. टी-४ मधल्याही बऱ्याच जणांचं ऑपरेशन होतं, आणि ते बरं करण्याच्याच हेतूने होतं.

वॉर्डात एक गोंधळ हमखास होतो. शेजारच्या बाईंना आधी केमो दिला, मग आपल्याला थेट ऑपरेशन का? त्याचं उत्तर असं की प्रत्येक अवयवाचा क्रम वेगळा. स्तनाच्या गाठीत तुकड्यावर ईआर, पीआर, हर-टू या कोणतं औषध लागू पडेल ते सांगणाऱ्या चाचण्या होतात आणि गाठ मोठी असेल तर अनेकदा केमो आधी देऊन ती लहान करतात. गर्भाशयमुखाचा आजार पुढे गेलेला असेल तर ऑपरेशन करतच नाहीत. बाहेरून शेक म्हणजे रेडिएशन, सोबत आठवड्याचा केमो आणि मग आतून शेक, असं सगळं आठ आठवड्यांत पुरं करायचं असतं. तोंडाच्या कॅन्सरमध्ये, काढता येण्यासारखा असेल तर, ऑपरेशन आधी. स्तनातली गाठही बहुधा दुखत नाही, आणि पाळी बंद झाल्यावर पुन्हा अंगावर जाणं हे वयाचं मानायचं नसतं. वाट पाहत बसलेल्या बायकांकडून ही दोन वाक्यं इतक्यांदा ऐकली की इथे घातल्याशिवाय राहवत नाही.

पैशांचं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला, ऑपरेशनची तारीख घेण्याआधी भेटायचं. योजना कॅशलेस आहे, बिलं साठवून नंतर पैसे मागायची नाही. आमची मंजुरी अडकली ती रेशनकार्डावर आणि आधारवर नाव वेगवेगळं असल्यामुळे. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचारांच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थ्री-टियर एसीला पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के. रुग्णालयाकडून फॉर्म भरून घेऊन तिकीटखिडकीवर द्यायचा.

ऑपरेशनच्या आधीच दातांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. किडलेले, हलणारे दात शेकाच्या आधी काढावे लागतात आणि ती जागा भरायला दहा ते चौदा दिवस द्यावे लागतात. ऑपरेशनच्याच भुलीत ते काढून घेतले तर हे दिवस वाचतात. आम्हाला ऑपरेशननंतर कळलं, दोन आठवडे गेले. शेकानंतर दात काढणं तर आणखी अवघड, कारण शेक बसलेल्या जबड्याची जखम भरत नाही, हाड उघडं पडून सडू शकतं.

ऑपरेशनमध्ये गालाचा भाग, गरजेप्रमाणे जबड्याचा काठ किंवा तुकडा, आणि मानेतल्या गाठी काढतात. ‘मानेत काही लागत नाही तरी मान का कापायची?’ हे आम्हीही विचारलं. परळच्या टाटा रुग्णालयातल्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याच प्रश्नावर होता. सुरुवातीच्या तोंडाच्या कॅन्सरचे ५०० रुग्ण होते. मान आधीच साफ केलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते, आणि गाठ दिसली तरच मान करू असं ठरवलेल्यांपैकी ६७.५ टक्के. गालाची जागा छातीच्या, हाताच्या किंवा मांडीच्या मांसाने भरतात, जबड्याचं हाड गेलं तर पायाच्या बारीक हाडाने. जखमेचं पाणी काढायला मानेत ठेवलेल्या नळीत चोवीस तासांत २०-३० मिलीपेक्षा कमी पाणी यायला लागलं की ती काढतात. त्या बाजूचा खांदा उतरतो, म्हणून खांद्याचे व्यायाम डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून.

घरी आल्यावर खरी कसरत नाकातून भरवायच्या नळीची. दादाचं वजन साठ किलो, दिवसाला साधारण १८०० ते २००० कॅलरी आणि ७० ते ९० ग्रॅम प्रथिनं द्यायची होती. दर दोन-अडीच तासांनी २०० मिली: दूध, उकडलेलं अंडं मिक्सरला लावून, मुगाचं वरण, नाचणीचं सत्त्व, शेंगदाण्याचं दूध. चहाच्या गाळणीतून गाळलेलं पुरत नाही, मलमलच्या फडक्यातून काढावं लागतं. नाचणीचं सत्त्व गरम असताना पातळ दिसतं आणि नळीत गार होताच घट्ट बसतं. आमची नळी दोनदा तशीच तुंबली. वहिनींनी मग ते ताकाइतकं पातळ करायला सुरुवात केली. ५० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून नुसती नळकांडी लावायची, हातभर उंच धरायची आणि आपोआप उतरू द्यायचं, दाबायचं नाही. आधी आणि नंतर ३० मिली पाणी. गोळ्या प्रत्येक वेगळी कुटून. भरवताना आणि नंतर अर्धा तास माणूस बसलेला हवा. नाकाशी नळीवरचा आकडा कितीवर आहे ते लिहून ठेवा. आकडा सरकला असेल तर काही घालू नका, आधी दाखवा, कारण नळी श्वासाच्या वाटेत असेल तर दूध फुप्फुसात जातं.

काढलेल्या भागाचा अंतिम रिपोर्ट दोनेक आठवड्यांनी येतो. हाड असेल तर ते आम्लात मऊ करावं लागतं, म्हणून उशीर. त्यात तीन गोष्टी बघायच्या. कडा किती मोकळी (पाच मिलिमीटर किंवा जास्त असेल तर चांगली), मानेतल्या किती गाठींत आजार, आणि तो गाठीचं कवच फोडून बाहेर आला आहे का. कडेला आजार असेल किंवा कवच फुटलेलं असेल तर शेकासोबत केमो जोडतात. शेक ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवा. मशीनची तारीख सहज मिळत नाही, म्हणून रिपोर्टची वाट न पाहता टाके काढायच्या दिवशीच रेडिएशन विभागात नाव नोंदवावं.

शेकाआधी मास्क करतात. जाळीदार प्लॅस्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर आणि खांद्यावर दाबतात, काही मिनिटांत तो कडक होतो. रोज तोच मास्क टेबलाला अडकवून माणसाला जागेवर धरतात. दाढी-मिशी मास्क करायच्या आधी काढा. दादाने मिशी ठेवली आणि दुसऱ्या आठवड्यात त्रास होतो म्हणून उतरवली, मास्क ढिला झाला. वजन घटलं तरी हेच होतं, मग नवीन मास्क, नवं प्लॅनिंग, मध्ये खंड. साधारण ६० ग्रे (ग्रे हे शेकाच्या मात्रेचं माप), ३० शेक, आठवड्याला पाच, म्हणजे सहा आठवडे. एकेक दहा-पंधरा मिनिटांचा, दुखत नाही.

दुखतं ते तिसऱ्या आठवड्यापासून, तोंड आतून सोलवटल्यावर. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि अर्धा चमचा खायचा सोडा, जागेपणी दर दोन तासांनी गुळण्या. बाजारचा झोंबणारा माउथवॉश नको. चरचरीत पांढरा थर आला तर ती बुरशी असू शकते, वेगळं औषध लागतं. मानेला ब्लेड, पावडर, तेल काही नाही, कॉलर नसलेला सुती सदरा. दर सोमवारी एकाच काट्यावर वजन. मूळ वजनाच्या पाच टक्के उतरलं, म्हणजे साठ किलोच्या माणसाचं तीन किलो, की नाकातली काढलेली नळी पुन्हा घालायला नको म्हणू नये. सिसप्लॅटिन या औषधाच्या केमोत लघवी कमी होणं आणि कानात शिट्टी वाजणं त्याच दिवशी सांगायचं. १००.४ फॅरनहाइट ताप आला तर रात्र काढायची नाही, पॅरासिटामॉल देऊन तर मुळीच नाही.

शेक संपल्यावर जबडा आवळत जातो. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दाढांमध्ये सरकवायच्या, अर्धा मिनिट धरायच्या, दिवसातून पाच-सहा वेळा. एक काडी साधारण दोन मिलिमीटरची, म्हणजे सतरा-अठरा काड्या बसल्या की ३५ मिलिमीटर तोंड उघडलं. पहिल्या वर्षी एक ते तीन महिन्यांनी तपासणी असते, आजार परतायचा धोका पहिल्या दोन वर्षांत जास्त. सहा-बारा महिन्यांनी थायरॉइडची टीएसएच ही रक्ततपासणी करून घ्या, मानेच्या शेकाने ती ग्रंथी मंदावते आणि थकवा कॅन्सरचाच समजून लोक घाबरतात. दादा नऊ काड्यांवरून चौदावर आला आहे. आकडे फाईलच्या मागच्या पुठ्ठ्यावर तारखेसकट लिहिलेले असतात, आणि तपासणीला गेल्यावर डॉक्टर आधी तो पुठ्ठा उलटून बघतात.